कोमट पाण्याचा तांब्या

"पण बाबा, बर्फातसुद्धा तगणारं झाड माझ्याच हातून का सडावं?"

प्राध्यापक नरहर सोहोनींनी घायपाताची कुंडी दर्ग्याच्या पायरीवर टेकवली. दुसऱ्या हातातला झाकलेला तांब्या मात्र खाली ठेवला नाही.

दर्ग्यामागच्या खडकाळ उतारावर उस्मानबाबांनी चाळीस वर्षं घायपात राखलं होतं. निफाडच्या थंडीत त्यातलं एकही पान कधी काळवंडलं नव्हतं.

"माझ्या बायकोनं, मालतीनं, डोंगरातून याची तीन पिल्लं आणली होती," सोहोनी म्हणाले. "ती गेली त्याच थंडीत एक सडलं. गेल्या वर्षी दुसरं. हे शेवटचं."

बाबांनी पानाच्या बुडाशी बोट दाबलं. मऊ लागलं.

"पाणी कधी घालता?"

"रोज सकाळी. कोमट करून."

"पुस्तकं काय म्हणतात?"

"थंडीत थेंबभरही घालू नये." सोहोनी घुटमळले. "पुस्तक मीच लिहिलंय."

"मग मास्तर, लिहिणाऱ्यालाच विचारायचं! एवढी टेकडी कशाला चढलात?"

सोहोनींना हसू आलं नाही.

"शेवटच्या दिवशी तिनं पाणी मागितलं होतं," ते हळूच म्हणाले. "डॉक्टरांनी मनाई केली होती... मी दिलं नाही. दोनदा मागितलं तिनं."



बाबांनी कुंडी उचलली, उपडी केली, बुडावर थाप मारली. चिखलाचा गोळा बाहेर पडला. मुळं झटकून त्यांनी रोप तसंच उघडं उन्हातल्या दगडावर ठेवलं.

"बाबा! मरेल ते!"

"आठ दिवस वाळू दे. मग खडीत लावू. होळीपर्यंत पाणी नाही."

सोहोनी रोपाकडे बघत राहिले. ऊन पानांवरून सरकत मुळांवर आलं होतं. तांब्या अजून हातातच होता.

"आणि मी...?" त्यांनी विचारलं. "सकाळी उठून मी काय करू, बाबा?"

बाबा पायरीवर उकिडवे बसले आणि त्यांनी ओंजळ पुढे केली.

सोहोनींना आधी कळलंच नाही. मग ते वाकले. निम्मं पाणी बाबांच्या दाढीवर सांडलं. बाबा पीत राहिले. तांब्या रिकामा झाला तेव्हाच थांबले.

बाहीनं दाढी पुसत ते म्हणाले,

"उद्या जरा लवकर या, मास्तर. मला उजाडतानाच तहान लागते."