मागच्या हाताची कहाणी

एका राज्यात एक नदी होती, ती एके सकाळी दगडाची झाली. उसळलेल्या लाटा उसळलेल्याच राहिल्या, मासे मधल्या मध्ये अडकले, आणि काठावर धुणं धुणाऱ्या बायांच्या हातातली कापडं अर्धी आत, अर्धी बाहेर अशी चिणली गेली. लोकांनी छिन्न्या आणल्या, नदीचे तुकडे फोडून घरी नेले, चुलीवर उकळून पाहिले. दगडच तो, त्याला पाझर फुटणार कुठून! मग लोक पहाटे उठून तुतीच्या पानांवरचं दव चाटू लागले.

दोष कुणाचा म्हणाल, तर राजाचा. राजा रुईशानला पूर्वजांचं थडगं उघडायची हौस आली. नको म्हणायला कुणाची टाप होती? थडग्यात सोनं होतं, पाचू होते. ते सगळं सोडून या शहाण्याला भिंतीशी टेकलेला एक काळा भाला आवडला. त्या भाल्याला गोंडा नव्हता. त्या देशात प्रत्येक भाल्याच्या पात्याखाली लाल केसांचा गोंडा बांधत, म्हणजे रक्त ओघळून दांड्यावर येत नाही आणि मूठ निसटत नाही. पण काळ्या भाल्याला दांड्यावरून येणारं काहीच अडवायचं नव्हतं, कारण तो शापित होता आणि तहानलेला होता. राजाने तो उचलला तो उचललाच. मूठ काही उघडेना. मग भाला पुढे आणि राजा मागे, असे दोघे चालत नगराबाहेरच्या पुलावर गेले आणि तिथे उभे राहिले. त्याच क्षणी पुलाखालची नदी थिजली.

पुलाच्या कठड्यावर एक मैना राहत असे, ती माणसासारखं बोले. ती उडत नगरात आली आणि प्रधानाला म्हणाली, "दर अमावस्येला हाती भाला असलेला एक माणूस पुलावर यावा. एकटा यावा. न आला, तर राजा नगरात येईल आणि काळा भाला सगळ्यांना पिईल. ज्या दिवशी भाला उपाशी परतेल, त्या दिवशी शाप फिटेल."

प्रधानाच्या तोंडचं पाणी पळालं. तो धापा टाकत सुयिनच्या आखाड्यावर गेला, कारण सैन्य केव्हाच डोंगरापलीकडे पळालं होतं आणि भाला जाणणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं.

सुयिन ही भाल्याची गुरू. राजा रुईशान लहान असताना त्यालाही भाला धरायला तिनेच शिकवलं होतं. तिची शिकवण्याची रीत कडक. पोर आलं की आधी त्याच्या हाती नुसता दांडा द्यायची, पांढऱ्या सालीच्या झाडाचा, वेतासारखा लवणारा. म्हणायची, "भाला दोन हातांनी धरतात, पण दोघांचं काम एक नाही. पुढचा हात बांबूची नळी. दांडा त्यातून सरकू द्यायचा, अडवायचा नाही. मागचा हात पेटीचं कुलूप. जीव गेला तरी उघडायचं नाही." हे अंगात मुरलं की मग टोकाने बाहेरचं वर्तुळ, मग आतलं वर्तुळ, आणि मग सरळ भोसकणं. वर्तुळाने शत्रूचा भाला बाजूला सारायचा आणि उघड्या पडलेल्या वाटेने आत शिरायचं. वरून बघाल तर एवढंच. पण मागचा हात सैल असला तर सगळंच मुसळ केरात! म्हणून सुयिन पाठीमागून चोरपावलांनी यायची आणि पोरांच्या दांड्याला अवचित हिसका द्यायची. ज्याची मूठ सुटली, तो त्या दिवशी उपाशी.

दुष्काळाने शिष्य पांगले होते. तिघेच उरले होते: धिप्पाड दाहाई, शेवया वळणाऱ्या वेइफांगचा मुलगा होंगबो, आणि सुयिनची स्वतःची मुलगी मिंगशा. प्रधानाने तिघांची नावं त्याच क्रमाने घोषित केली. सुयिन बोटांवर अमावस्या मोजू लागली. तिसरी अमावस्या फार लांब नव्हती.

पहिल्या अमावस्येला दाहाई निघाला. त्याने महाभाला घेतला, दोन पुरुष लांब, दुसऱ्या कुणाला उचलायचा म्हटला तर दम लागे. "लांबूनच भिडतो, गुरुमाई. त्याचं पातं माझ्यापर्यंत पोचणारच नाही. संध्याकाळी माझा भात झाकून ठेवा."

भात झाकलेलाच राहिला. सांजेला मैना आली, आखाड्याच्या खांबावर बसली आणि दाहाईच्या आवाजात बोलली, "धरून ठेवलाय, गुरुमाई! सोडला नाही!" एवढंच बोलून ती उडून गेली. सुयिन ओक्साबोक्शी रडली; पण रडताना तिची छाती अभिमानाने भरूनही आली. पोराने शेवटपर्यंत धडा मोडला नाही म्हणून. या अभिमानाने पुढे तिला झोपू दिलं नाही.

दुसऱ्या अमावस्येला होंगबो निघाला. पोरगा मुळातच घाबरट, त्यात आईचा लाडका. त्याने आकडीचा भाला घेतला. पात्याच्या बगलेला कोयत्यासारखी वाकडी आकडी असते, तिने घोडेस्वाराला खाली ओढतात. "आकडी घालून राजाचा भाला हिसकावून घेतो," तो म्हणाला, आणि त्याचे ओठ पांढरेफटक पडले होते. वेइफांग त्याच्यामागे वेशीपर्यंत गेली. तिथे प्रधानाच्या माणसांनी तिला अडवलं, कारण एकटाच यावा अशी अट होती.

सांजेला मैना आली. खांबावर बसली. होंगबोच्या आवाजात तिने विचारलं, "गुरुमाई, सोडू का?"

सुयिनच्या हातातला तांब्या खाली पडला. ती धावत पुलाशी गेली. होंगबो पुलाच्या अलीकडच्या पायरीवर पडला होता. अंगावर एक ओरखडा नव्हता, पण अंग वाळल्या शेंगेसारखं हलकं झालं होतं. मागच्या हाताची मूठ दांड्यावर घट्ट आवळलेली होती. ती कुणाला सोडवता आली नाही. पोराला भाल्यासकट पुरावं लागलं.

तेव्हा सुयिनला कळलं. काळा भाला कुणाला भोसकत नव्हता. तो नुसता चिकटत होता. समोरच्या दांड्याला चिकटून, दांड्यातून, धरणाऱ्या हातातून जीव ओढून घेत होता. हात सोडला असता तर पोरं जगली असती. आणि हात सोडायचा नाही हे कुणी शिकवलं होतं? कोण त्यांना उपाशी ठेवत होतं? ज्याला सोडावंसं वाटलं, तोही बिचारा आधी परवानगी मागत बसला!

"मी मारली माझी पोरं," ती म्हणाली. मिंगशाने आईला धरून घरी आणलं. पुढे किती तरी दिवस सुयिनने धड घास खाल्ला नाही, की कुणाशी शब्द बोलली नाही.

मग एका दुपारी ती उठली. मिंगशाला अंगणात उभं केलं, तिच्या हाती तिचा भाला दिला. नागमोडी पात्याचा भाला तो, सरपटत्या सापासारखा. तिसऱ्या अमावस्येला मिंगशा तोच नेणार होती. सुयिनने दांड्याला दोर बांधला आणि हिसका दिला.

"सोड!"

मिंगशाची मूठ आवळली.

"सोड म्हणते ना, कार्टे!"

मूठ आणखी आवळली. मिंगशाच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. "आई, मला सोडायचंय गं. हात ऐकत नाही माझा!" तिसऱ्यांदा हिसका दिला तेव्हा ती तोंडावर आपटली, हनुवटी फुटली, पण भाला काही सुटला नाही. लहानपणापासून जे हाडात घातलं ते चार दिवसांत बाहेर कसं काढणार?

सुयिनने दोर टाकला आणि ती खाली बसली. "मी जाते. तुझ्याऐवजी मी जाते."

"तू तरी सोडशील का?" मिंगशाने रक्त पुसत विचारलं. "ऊठ. धर. आता मी ओढते."

सुयिनने साधा भाला धरला, नवशिकी पोरं धरतात तो. मिंगशाने जोरात दोर ओढला. सुयिन फरफटत गेली. मागचा हात कुलूप तो कुलूपच. तिचं कुलूप तर सगळ्यांत जुनं. आता काही उपाय नाही, असं दोघींनाही वाटलं.

तशात सुयिनची नजर आपल्या डाव्या हातावर गेली. ओढताना दांडा त्या हातातून सरकला होता, अडखळला नव्हता. पुढचा हात! त्या हाताने जन्मात कधी काही धरूनच ठेवलं नव्हतं. जे आलं ते जाऊ दिलं, एवढंच त्याला ठाऊक.

"डाव्या हाताने एकटीने धरीन," ती म्हणाली. "उजवा बांधून टाक."

मिंगशा झटकन उठली. "मग मीही तसंच करीन. नाव माझं घोषित झालंय."

"दाखव तुझी नळी." सुयिनने तिच्या डाव्या हातात दांडा दिला आणि ओढला. तो सरकला, मध्येच अडला, पुन्हा सरकला. "बघ. अजून कच्ची आहे, अधूनमधून धरते. ती धरेल तेवढ्यात तू संपशील. ही नळी पिकायला जन्म जातो, बाळे. माझा गेला."

अमावस्येच्या सकाळी तिनेच आईचा उजवा हात पाठीशी धरला आणि मोठ्या कापडाने करकचून बांधला. गाठी मारताना ती हुंदके देत होती. सुयिन म्हणाली, "रडून गाठ सैल करू नकोस."

पुलावर राजा उभा होता. अंगावरची राजवस्त्रं विरली होती, डोळे मात्र जागे होते. मैना कठड्यावर होती.

"कोण आलं?" राजाने विचारलं.

"सुयिन. तुम्हांला भाला धरायला शिकवलं ती."

"एक हात कुठे आहे?"

"त्याने फार अपराध केलेत, महाराज. बांधून ठेवलाय."

राजाचा आवाज क्षणभर पोरासारखा झाला. "गुरुमाई, मला हा सोडता येत नाही."

"ठाऊक आहे," सुयिन म्हणाली. "तोही माझाच अपराध."

आणि ती पुढे झाली. एका हाताने धरलेल्या भाल्याचं टोक थरथरत होतं. तिने बाहेरचं वर्तुळ काढलं ते वेडंवाकडं, आतलं काढलं ते त्याहून वाईट. राजाने सहज वर्तुळ काढून तिचा भाला गाठला, आणि काळा दांडा तिच्या दांड्याला चिकटला.

गारवा दांड्यातून आला, तळव्यातून मनगटात चढला. तिचे दात वाजू लागले. आणि पाठीशी बांधलेला उजवा हात जागा झाला! तो पुढे यायला धडपडू लागला, कापडाला हिसके देऊ लागला. गाठ करकरली, खांदा निखळला तरी थांबेना. त्याला फक्त धरायचं होतं. सुयिन ओरडली, "नको रे, नको!" आणि डाव्या हाताने जे जन्मभर केलं तेच केलं. दांडा त्यातून सरकला. बोटांपाशी शेवटचं टोक आलं, तेही गेलं. तिचा हात मोकळा झाला.

काळ्या भाल्याने लाकूड पिऊन पाहिलं. लाकडात काय असणार? तो उपाशी परतला, आणि परतता परतता मधोमध तडकला. राजाची बोटं एकेक करून उघडली. भाल्याचे तुकडे पुलाखाली पडले ते पाण्यातच पडले, कारण नदी वाहू लागली होती. मासे पोहू लागले. मैना उडून गेली, पुन्हा तिला कुणी पाहिलं नाही.

राज्य पुन्हा जिथल्या तिथे आलं. राजा न्हाऊन माखून सिंहासनावर बसला. सैन्य डोंगरापलीकडून परत आलं आणि आपण कसे लढलो ते सांगू लागलं. विहिरी भरल्या, भातं लागली. सुयिनचा खांदा कायमचा उतरला आणि डावा हात पुन्हा कधी ऊबदार झाला नाही, पण मिंगशा जिवंत होती. तिला विहिरीवर पाणी ओढताना बघत सुयिन रोज दारात उभी राहायची, मिंगशा आत येईपर्यंत.

मग दवंडी पिटली. शेजारच्या राजांनी आपली दुर्बळता पाहिली आहे, तेव्हा घरटी एक मूल सुयिनच्या आखाड्यात घालावं, अशी राजाज्ञा झाली. सुयिन राजगुरू ठरली. नाही म्हणायची सोय नव्हती.

पहिल्या दिवशी पहाटे दारात वेइफांग उभी होती. तिच्या हातांना शेवयांचं पीठ लागलेलं होतं, आणि तिच्या पदराला धरून तिची धाकटी मुलगी उभी होती. सुयिनला तिच्याकडे बघवेना. शिव्या दे, थुंक, असं तिला मनातून वाटत होतं.

वेइफांगने शिव्या दिल्या नाहीत. "घरटी एक म्हणाले. होंगबो मोजत नाहीत म्हणे, तो आधीचा. म्हणून हिला आणली."

"वेइफांग," सुयिन म्हणाली, "मला माफ—"

"ते राहू द्या, गुरुमाई." वेइफांगने हात जोडले. "एकच मागते. हिला वाईट शिकवा. हिची मूठ सुटू दे."

राजाज्ञा होती. सुयिनने पोरीचा हात धरला आणि तिला आत घेतलं.

नदी त्या राज्याला पुन्हा पावली, तशी ती तुम्हांआम्हांला पावो. पण त्या माउलीला जे मागावं लागलं, ते मागायची पाळी ऐकणाऱ्या कुणावर न येवो.