ठिपकी माझी उठेना

एक होती चिमी. कापसाच्या बोंडाएवढी चिमी, दाण्याएवढी तिची चोच. कोंबडीआईची पिल्लं तीन. चिमी, ठिपकी आणि पिंगी.

काल पिंगीचं पोट दुखलं. पिंगी निजली ती निजलीच. उठलीच नाही.

आज ठिपकीचं पोट दुखतंय. बसलीय बिचारी पंख पाडून, डोळे मिटून.

"ठिपके, ऊठ ना गं!"

"नाही गं. पाणी घाण लागतं. पोटात कळ येते."

चिमीला रडूच कोसळलं. चिंव चिंव! पिंगी गेली. आता ठिपकी नको जायला!

चिमी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. अंगणात होतं मातीचं वाडगं.

"वाडगेदादा, वाडगेदादा, चांगलं पाणी दे!"

"कुठून देऊ? माझा तळ बुळबुळीत. काथ्या घासेल, तर देईन."

तुरुतुरु, तुरुतुरु. मोरीत बसला होता काथ्या.

"काथ्याकाका, काथ्याकाका! वाडगं पाणी देईना, ठिपकी माझी उठेना!"

"नुसतं घासून बुळबुळ जात नाही, बाळा. राख येईल, तर घासेन."

तुरुतुरु, तुरुतुरु. चुलीत निजली होती राख.

"राखमावशी, राखमावशी! काथ्या वाडगं घासेना, वाडगं पाणी देईना, ठिपकी माझी उठेना!"

"मी कशी येऊ? चूल सोडेल, तर येईन."

बघा बाई! ज्याच्या त्याच्या तोंडी आपलं 'तर'!

"चूलआजी, चूलआजी! राख काही येईना, काथ्या वाडगं घासेना, वाडगं पाणी देईना, ठिपकी माझी उठेना!"

"मला का हात आहेत, पोरी? हौसाकाकू राख काढेल, तर सोडेन."

तुरुतुरु... तुरु... चिमी दमली. पाय दुखले. आवाज बसला. तिकडे ठिपकीची मान खाली खाली चालली होती.

हौसाकाकू अंगणातच होती. कळशीतून वाडग्यात पाणी ओतत होती. डुबुक डुबुक.

"काकू, काकू! चांगलं पाणी दे!"

"अगं, रोज तर भरते! बघ की, काठोकाठ आहे!"

चिमी रडत रडत म्हणाली,

"चूल राख सोडेना, राख काही येईना, काथ्या वाडगं घासेना, वाडगं पाणी देईना, ठिपकी माझी उठेना! पिंगी तर उठलीच नाही गं, काकू!"

काकूने कळशी खाली ठेवली. तिने वाडग्यात हात घातला. पार तळापर्यंत. बोटं बाहेर काढली, तर हिरवी हिरवी, बुळबुळीत!

"अगं बाई! रोज वरून ओतत गेले मी. खाली कधी हातच घातला नाही. माझी पिंगी हेच पाणी प्यायली की गं!"

काकूच्या डोळ्यांतून टपटप पाणी आलं.

मग?

मग काकूने राख काढली, भुरभुर. चुलीने राख सोडली. राख काथ्याला लागली. काथ्याने वाडगं घासलं, घसघस घसघस. तळ कसा लख्ख! वाडग्याने ताजं पाणी दिलं. काकूने ठिपकीला मांडीवर घेतलं आणि चोचीत थेंब घातला. टुप. अजून एक. टुप.

ठिपकीने एक डोळा उघडला.

"गोड आहे गं, चिमे."

दुसऱ्या दिवशी ठिपकी दोन पावलं चालली. तिसऱ्या दिवशी दहा. चौथ्या दिवशी चिमीच्या मागे धावली! ठिपकी माझी उठली!

पिंगी मात्र उठली नाही.

आता काकू रोज आधी वाडगं घासते, मग भरते. चिमी आणि ठिपकी शेजारी शेजारी पाणी पितात. चुळुक चुळुक. पण चिमी थोडी सरकून उभी राहते. मधे एक जागा सोडते.

तिथे पिंगी उभी राहायची.