हातानं उतरवलेलं पुस्तक

त्या दिवशी सकाळी धुकं असं उतरलं होतं, की मठाच्या पायरीवरून समोरचा पिंपळ दिसत नव्हता. पानांवरून टपटपणारं पाणी तेवढं ऐकू येत होतं.

"मग लोक येतात कसे तुमच्याकडे?"

विश्वंभर दहिवाळांनी हे विचारलं, तेव्हा तुळसगीर महाराज शेगडीवर हात शेकत बसले होते.

"चालत येतात," महाराज म्हणाले. "लांबचे एस.टी.नं येतात."

"तसं नाही हो... तुमचा कुठं बोर्ड नाही. जाहिरात नाही. आणि तरी ही रीघ. म्हणून विचारतो."

महाराजांनी शेगडीतला एक निखारा काडीनं पालथा केला.

विश्वंभरराव जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. सगळी नोकरी खेडोपाडी, गोठ्यांतून गेली. लोक त्यांना डॉक्टरच म्हणायचे, आणि त्यांनीही ते कधी खोडलं नाही. त्यांचं घर आणि तुळसगीर महाराजांचा मठ, भिंतीला भिंत. मठातली घंटा वाजली की डॉक्टरांच्या घरातली ताटं थरथरायची. पण जन्म गेला, तरी डॉक्टर कधी ती पायरी चढले नव्हते. कामच पडलं नव्हतं म्हणा.

आता पडलं होतं.

निवृत्त झाल्यावर त्यांनी पुस्तक लिहिलं. नोकरीच्या आठवणी. एका प्रकाशकानं ते परत पाठवलं. दुसऱ्यानं वर्षभर ठेवून घेतलं आणि मग तेही परत पाठवलं. तेव्हा डॉक्टरांनी स्वतःच छापलं. प्रेसवाला म्हणाला, थोड्या प्रती परवडत नाहीत, हजार काढा. हजार काढल्या. त्यातल्या बहुतेक अजून घरात होत्या, गठ्ठे बांधलेल्या. डॉक्टरांच्या बायकोनं, प्रयागबाईंनी, गठ्ठ्यांवर सतरंजी टाकली होती. आल्यागेल्याला बसायला बरं पडायचं.

"सगळं करून पाहिलं, महाराज," डॉक्टर म्हणाले. "प्रकाशन समारंभ केला. शाल, नारळ, हार. पाहुणे दोन तास उशिरा आले आणि धरणाच्या पाण्यावर बोलून गेले."

"बरं."

"रिक्षाला भोंगा लावून गावभर फिरवला. मोबाइलवर रोज सकाळी मुखपृष्ठ टाकतो. एका ग्रुपातून मला काढून टाकलं."

"हो का?"

"ओळखीच्यांना सप्रेम भेट दिली. एकानं कळवलं, अत्यंत वाचनीय ग्रंथ, एका बैठकीत संपवला. त्याला मी अजून पुस्तक दिलंच नव्हतं."

महाराज मोठ्यानं हसले. डॉक्टरांना मात्र हसू आलं नाही.

"पिकतं तिथं विकत नाही, महाराज. हेच खरं."

महाराजांची नजर मधल्या भिंतीकडे गेली. तिच्या पलीकडं प्रयागबाईंचा कुकर शिट्टी देत होता.

"मग माझ्याकडून काय पाहिजे?"

डॉक्टर पुढं सरकले. "पौर्णिमेचा भंडारा आलाय. तीन जिल्ह्यांचे लोक येतील. तुम्ही गादीवरून एवढंच म्हणा, की दहिवाळांचं पुस्तक वाचा. बस्स. तुमचा शब्द कोण मोडतंय? वाटल्यास मी बुंदीच्या पुडीबरोबर एकेक प्रत..."

"काय आहे पुस्तकात?"

"दोनशे सोळा पानं आहेत. कागद चांगला आहे. प्रस्तावना माजी कुलगुरूंची आहे."

"आत काय आहे?"

"आत... रंगीत फोटो आहेत. शेवटी सन्मानपत्रं आहेत."

"त्याच्या आत?"

बाहेर पिंपळाचं पाणी टपटपत राहिलं...

"आमच्या मठाची एक रीत आहे, डॉक्टर," महाराज सावकाश म्हणाले. "छापलेलं पुस्तक गादीवर येत नाही. हातानं उतरवलेलंच येतं. ही गादीवरची पोथी आहे ना, ती मी उतरवली, तेव्हा मला इथं बसू दिलं. माझ्या गुरूंनी त्यांची उतरवली होती. मी रीत कशी मोडू?"

"म्हणजे माझं पुस्तक कुणीतरी हातानं लिहून काढायचं?"

"हो."

"कोण काढील?"

"ज्याला वाटेल, की हे उतरवून काढावं, तो."

डॉक्टरांनी बराच विचार केला. गावातली माणसं एकेक डोळ्यांपुढून गेली. भाऊ गेला, जावई गेला, समारंभाचा अध्यक्ष गेला. शेवटी एकच माणूस उरला.

"मीच काढतो," ते म्हणाले.

"काढा," महाराज म्हणाले, आणि पुन्हा हात शेकू लागले.

डॉक्टर त्याच दिवशी बसले. प्रयागबाई मेथी निवडत होत्या, गठ्ठ्यांवर बसून.

"अहो, काय चाललंय?"

"पुस्तक उतरवतोय."

"छापलेलं? दळलेलं पीठ पुन्हा जात्यात घालताय होय!"

"तुला नाही कळायचं."

"मला नाहीच कळत. पण पीठ कळतं."

आता असं बघा, छापायला माणूस पानं देतो आणि मोकळा होतो. हातानं उतरवायचं म्हणजे एकेक अक्षर बोटांतून जातं, आणि बोटं म्हातारी झालेली असतात. प्रस्तावनेच्या पहिल्याच पानाला डॉक्टरांचा अंगठा दुखायला लागला. त्यांनी पान उलटलं. पुढंही कुलगुरूच. आणखी उलटलं...

प्रस्तावना राहू दे, त्यांनी ठरवलं. ती काही आपली नाही.

मग शुभेच्छा संदेश आले. तेही राहिले. मग मनोगत आलं. मनोगतात त्यांनी स्वतःला 'अल्पमती' म्हटलं होतं आणि पुढं चार पानं स्वतःबद्दलच लिहिलं होतं. ती उतरवताना मान अवघडली. अर्ध्यातच सोडली.

असं करत करत ते पळसवाडीपाशी आले.

छापील वाक्य असं होतं: 'पळसवाडी येथील एका गरीब विधवेची म्हैस प्रयत्नांची पराकाष्ठा करूनही वाचू शकली नाही.' त्यापुढं लगेच पशुसंवर्धन खात्यातल्या अडचणी सुरू होत होत्या. मग साहेबांनी केलेलं कौतुक.

डॉक्टरांनी वाक्य उतरवायला घेतलं. 'विधवेची' इथं पेन थांबलं. वाक्य त्यांनी तोंडानं म्हणून पाहिलं.

"काय हो नाव तिचं?" प्रयागबाईंनी विचारलं.

"कुणाचं?"

"त्या बाईचं. जिची म्हैस मेली."

"गरीब विधवा होती."

"हे काय नाव झालं?"

डॉक्टर चिडले. पेन ठेवून अंगणात गेले. फेऱ्या मारल्या. जास्वंदीची वाळलेली पानं खुडली. आत आले तेव्हा त्यांचा आवाज बदलला होता.

"सोजरबाई," ते म्हणाले.

मग ते लिहीतच राहिले. पुस्तक मिटलेलं बाजूला पडलं होतं. सोजरबाईनं दुपारपासून दिवेलागणीपर्यंत अडलेल्या म्हशीचं डोकं मांडीवर धरलं होतं. 'पार्वते, जरा धीर धर गं, माझी माय,' म्हणत होती. म्हैस गेली तेव्हा ती रडली नाही. ओलं रेडकू पदरानं पुसायला लागली. पुसून झाल्यावर अंगावरची गोधडी काढून त्याला गुंडाळलं, आणि डॉक्टरांना विचारलं, 'डाक्टर, जगंल का हे?' डॉक्टर बादलीत हात धूत होते. 'जगंल की,' ते म्हणाले, आणि सायकलला बॅग अडकवून निघाले.

हे सगळं छापलेल्यात नव्हतं. का नव्हतं, ते डॉक्टरांना कळेना. त्या वेळी ते लिहिण्यासारखं वाटलं नव्हतं.

त्यानंतर उतरवणं राहिलंच. काही सुटलं, काही भरलं. भंडारा दोन दिवसांवर आला, तेव्हा प्रयागबाईंनी कागद एकावर एक रचले आणि गोधडीच्या दोऱ्यानं, दाभणानं शिवून दिले. लहानसं बाड झालं.

डॉक्टर ते घेऊन मठात गेले.

"महाराज, नक्कल चुकली."

"कुठं चुकली?"

"पुष्कळ ठिकाणी. छापलेल्यात आहे ते ह्यात नाही. ह्यात आहे ते छापलेल्यात नाही."

"मग तुमचं पुस्तक कोणतं?"

डॉक्टरांनी बाडाची शिवण चाचपली.

"ठेवा इथं," महाराज म्हणाले.

पौर्णिमा उजाडली. डॉक्टरांनी मात्र मनातली आशा सोडलेली नव्हती. मठाच्या दारापाशी त्यांनी टेबल मांडलं, वर गठ्ठे सोडले, मागं फ्लेक्स लावला: 'लेखकाच्या स्वाक्षरीसह मिळेल.' खिशाला दोन पेनं लावून खुर्चीवर बसले.

माणसं येऊ लागली. एक बाई थेट टेबलापाशी आली. डॉक्टरांनी पेन काढलं.

"चपला इथंच ठेवायच्या का हो?" बाईनं विचारलं.

"नाही... इथं पुस्तकं आहेत."

"असू द्या की. लक्ष ठेवा फक्त."

आणि तिनं चपला टेबलाखाली सारल्या. एकीच्या पाहून दुसरीनं ठेवल्या. घटकाभरात टेबलाखाली, खुर्चीमागं, फ्लेक्सच्या पायाशी, चपलाच चपला. एका म्हाताऱ्यानं तर डॉक्टरांकडं बिल्ला मागितला.

आत आरतीला उशीर होत होता. महाराज गादीवर बसले होते, मांडीवर ते बाड, आणि वाचत होते. पुजारी दोनदा कानाशी लागला. महाराजांनी मान हलवली आणि पान उलटलं. लोक कुजबुजू लागले, ही कोणती नवी पोथी म्हणायची? डॉक्टरांना दारातून दिसत होतं. आता म्हणतील... आता म्हणतील...

महाराजांनी बाड मिटलं, कपाळाला लावलं, आणि उठून आरतीचं ताट घेतलं. आरती झाली. प्रवचन झालं. पंगती बसल्या, उठल्या. डॉक्टरांचं किंवा पुस्तकाचं नाव महाराजांच्या तोंडून एकदाही निघालं नाही.

डॉक्टरांनी फ्लेक्स गुंडाळला. गठ्ठे एकेक करून घरात आणले.

"जाऊ द्या," प्रयागबाई म्हणाल्या. "चहा टाकू?"

"नको."

"थोडा घ्या."

"नको म्हटलं ना! उद्या रद्दीवाल्याला बोलाव. एक प्रत घरात दिसता कामा नये."

प्रयागबाईंनी चहा टाकला.

तेवढ्यात दार वाजलं.

बाहेर तुळसगीर महाराज उभे होते. एकटेच. खांद्यावर उपरणं, काखेत बाड. ह्या घराचा उंबरा त्यांनीही आजवर कधी ओलांडला नव्हता. प्रयागबाईंची धांदल उडाली. डॉक्टर मात्र जागचे हलले नाहीत.

"महाराज, एक शब्द बोलला असतात तरी चाललं असतं," ते म्हणाले. "मी रीत पाळली होती."

महाराजांचं तिकडं लक्षच नव्हतं. ते आत आले, समोर उभे राहिले.

"डॉक्टर, रेडकू जगलं का?"

"कोणतं रेडकू?"

"सोजरबाईचं."

डॉक्टरांनी त्यांच्याकडं पाहिलं. महाराज थट्टा करत नव्हते. त्यांचा चेहरा असा होता, जसा दवाखान्याच्या दारात जनावर घेऊन उभ्या असलेल्या माणसाचा असतो.

"मला काय ठाऊक, महाराज. पुढच्याच आठवड्यात माझी बदली झाली."

"तुम्ही तिला जगंल म्हणालात."

"म्हणालो."

"मग, जगलं का?"

"नाही सांगता यायचं..."

"पळसवाडी कुठं आली?"

"ही काय, नदीपल्याड. पूल ओलांडला की डाव्या हाताला."

"बाई आहे अजून?"

"असेल... नसेल. कसं सांगू?"

महाराजांनी उपरणं डोक्याला गुंडाळलं आणि दाराकडं वळले. मठाच्या बाजूनं हाका येत होत्या. कुणीतरी त्यांना शोधत होतं.

"अहो महाराज, लोक खोळंबलेत तिकडं!"

"थांबतील."

"पण आत्ता कुठं निघालात?"

"पळसवाडीला. चला, वाट दाखवा."

प्रयागबाई चहाचे कप हातात घेऊन दारात तशाच उभ्या राहिल्या. डॉक्टर वहाणा शोधता शोधता म्हणाले, "आता काय उपयोग? वीस वर्षं होत आली त्या गोष्टीला!"

तुळसगीर महाराज पायरी उतरले होते. ते थांबले. रोजच्या शेजाऱ्याशी बोलावं, तशा साध्या आवाजात म्हणाले,

"तुम्हाला झाली असतील, डॉक्टर. मी तर आज सकाळीच वाचलंय."