गुरूच्या वाटेवरच्या दोघी बहिणी

आभाळात गुरू नावाचा एक थोरला ग्रह आहे. तो सूर्याभोवती फेरा घालतो. एका फेऱ्याला बारा वर्षं लागतात, एवढी लांब त्याची वाट. त्याच वाटेवर दगडांची दोन गावं चालतात. एक गुरूच्या पुढं, एक मागं. मधे अंतर एवढं, की कुणी कुणाच्या आडवं येत नाही.

मागच्या गावात एक तांबूस, टोकदार ठिकरी राहायची. नावही तिचं ठिकरीच. तिची सख्खी बहीण गारगोटी पुढच्या गावात. दोघी एकाच खडकाच्या. खडक फुटला तेव्हा एक इकडं पडली, एक तिकडं. तेव्हापासून ठिकरीच्या पोटात जे दुखायला लागलं, ते काही थांबेना. "ती मिरवणार गुरूच्या पुढं, आणि मी त्याची पाठ बघत जन्म काढायचा! ती काय सोन्याची लागून गेली?"

एकदा ती गाव सोडून गुरूकडं धावत सुटली. पण जोर केला तशी सूर्यापासून दूर, बाहेरच्या अंगाला सरकली. बाहेरची वाट लांबची. पुढं जायचं राहिलं बाजूला, ती मागंच पडत गेली, आणि कित्येक वर्षांनी फिरून आपल्याच गावात आली.

शेजारणी हसल्या. "काय गं, पुढं गेलीस आणि मागनं उगवलीस?"

गावातली सगळ्यांत थोरली धोंडामावशी मात्र हसली नाही. "पोरी, चुलीचे तीन दगड कसे मांडतात? तसे सूर्य, गुरू आणि आपण सारख्या अंतरावर आहोत. म्हणून जरा इकडंतिकडं झालो तरी पुन्हा जागेवर येतो. देवाची दया समज."

"दया कसली? गळ्यातलं दावं आहे हे! गारगोटीला पुढं बसवलं आणि मला इथं बांधलं."

"अगं, तीही तेवढीच लांब आहे."

"तुम्ही बघून आलात?"

मावशी तरी कुठं बघून आली होती!

पुढं एक शेंडेनक्षत्र गावाजवळून चाललं होतं. शेपूट फुलवून हिंडायचं आणि चार घरच्या बातम्या सांगायच्या, हा त्याचा धंदा. ठिकरीनं हाक मारली, "भाऊ, आमची गारगोटी कशी आहे हो?"

"झोकात आहे की! गुरुमहाराज स्वतः तिच्या मागनं चालतात."

झालं. ठिकरीचा तिळपापड झाला. "मला धक्का द्या. असा द्या, की परत इथं यायला नको."

"बघ बाई. ढकलणं माझ्या हातात आहे, थांबवणं नाही."

"द्या म्हणते ना!"

त्यानं तिला सूर्याकडं, आतल्या अंगाला ढकललं. आतली वाट जवळची. ठिकरी सुसाट निघाली. गुरू मोठा मोठा होत गेला, त्यानंच सगळं आभाळ भरून गेलं. "आता बघते गारगोटीला," ती म्हणाली.

गुरू रागावला नाही की बोलला नाही. पण त्याचं वजनच एवढं, की जवळ येईल ते ओढीत सापडतं. ठिकरी त्याच्या कडेनं गर्रकन फिरली आणि गोफणीतून दगड सुटावा तशी सुटली.

जाता जाता पुढचं गाव लागलं. गुरूपासून ते मागच्या गावाइतकंच लांब होतं, तसूभरही जवळ नाही. आणि गारगोटी शेजारणीला सांगत होती, "माझी बहीण भाग्याची. गुरूवर डोळा ठेवून निवांत चालते. माझ्या मेलीच्या मानेवर सारखी त्याची चाहूल!"

एवढ्यात तिला ठिकरी दिसली. "अगं बाई, आलीस? ये, ये, बस!"

ठिकरीला बसायचं होतं. फार बसायचं होतं. पण सुटलेल्या दगडाला कोण थांबवणार? बहिणीच्या दारावरून ती तशीच निघून गेली, सूर्य मोहरीएवढा दिसतो तिथं, आणि त्याच्याही पलीकडं.

तात्पर्य: बहिणीच्या ताटातला घास मोठा दिसला म्हणून आपलं ताट लाथाडू नये. जिथं आपला तोल सांभाळला जातो, तीच आपल्या मानाची जागा.