शमुवेल आबांनी घेतलेली परीक्षा

प्रवरेच्या काठच्या एका गावात एकदा एक शिक्षक राहत असे. त्याचे नाव शांतवन. आठवड्याचे सहा दिवस तो जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवी आणि रविवारी सकाळी, उपासनेच्या आधी, ख्रिस्ती मंडळीतील मुलांची शब्बाथ शाळा घेई. बावीस वर्षांत त्याचा एकही रविवार चुकला नव्हता. त्याच्या हाताखालून गेलेले मूल शास्त्रातली शंभर वचने न अडखळता म्हणून दाखवते, असा त्याचा लौकिक होता.

ही शिस्त त्याला लावली होती शमुवेल आबांनी. आबा त्या मंडळीचे जुने पाळक, म्हणजे धर्मगुरू. आता वयाची ऐंशी उलटल्यावर ते चर्चच्या मागच्या दोन खोल्यांत राहत, पेरूच्या झाडांना पाणी घालत आणि येईल त्याच्याशी बोलत बसत.

शांतवनला आपल्या बाळपणीचा काळ फार आठवे. तेव्हा रविवारी दूरदूरच्या वस्त्यांवरून बैलगाड्या येत. घंटा वाजण्याआधीच चर्च भरून जाई आणि उशिरा आलेल्या बायका ओट्यावर पटकूर अंथरून बसत. कापणीच्या सणाला बाजरीची पहिली कणसे वेदीपुढे रचली, की त्या ताज्या धान्याच्या वासात सगळी उपासना होई. आणि घरी? घरी त्याचे वडील, तिशीत अक्षरे शिकलेले गवंडी, जेवणापूर्वी ओळीवर बोट ठेवून शास्त्र वाचत. एखाद्या लांबलचक नावापाशी ते अडखळले, की मुले तोंड लपवून हसत आणि आई डोळे वटारी. मग सगळे गुडघे टेकत. चुलीवरचे कालवण निवून जाई, पण प्रार्थना उरकती घेतली जात नसे.

आता चर्चमधले मागचे पाच बाक रिकामे असत. तरुण मुले पुण्याला, संभाजीनगरला निघून गेली होती आणि जी उरली होती, ती नाताळपुरती दिसत. “आमचा काळ वेगळा होता,” असे शांतवन वरचेवर म्हणे. म्हणताना त्याचा आवाज जड होई.

त्याच्या स्वतःच्या घरातही पुष्कळ काही बदलले होते. तीन वर्षांपूर्वी त्याची पत्नी सुनीती दीर्घ आजाराने गेली. भाकऱ्या थापताथापता गीत सुरू करणारी आणि नवऱ्याचा सूर चुकला की हसून पुन्हा पहिल्या ओळीवर आणणारी ती बाई होती. ती गेल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी शांतवन शब्बाथ शाळेत हजर झाला. “काय धीराचा माणूस!” असे लोक म्हणाले.

त्यांची एकुलती एक मुलगी सलोमी सोळा वर्षांची होती. त्या वर्षी तिचे दृढीकरण व्हायचे होते. लहानपणी आईबापांनी दिलेला विश्वास मोठेपणी आपण होऊन, सर्व मंडळीसमोर उभे राहून स्वीकारायचा, असा तो संस्कार. त्याआधी प्रश्नोत्तरांची परीक्षा असते. सलोमीला सगळी उत्तरे पाठ होती. बापानेच ती घोटून घेतली होती. परीक्षेला आठ दिवस राहिले असताना ती ताटावरून उठता उठता म्हणाली, “पप्पा, मी यंदा उभी राहणार नाही.”

“का? काही येत नाही का?”

“सगळं येतं.”

“मग?”

“नाही राहायचं,” एवढेच म्हणून ती आत गेली.

शांतवनला अन्न गोड लागले नाही. लोकांच्या मुलांना शिकवता शिकवता आपल्याच पदरात हे यावे! दुसऱ्या दिवशी शाळा सुटताच तो आबांकडे गेला आणि पायरीवर बसून त्याने मन मोकळे केले. “आबा, पिढ्यांमागून पिढ्या आलेलं हे माझ्यापाशी येऊन थांबणार काय? माझं शिकवण्यात कुठं चुकलं, ते तरी सांगा.”

आबांनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाले, “यंदाची परीक्षा मी घेतो म्हणून आताच्या पाळकांना सांग. मुलांबरोबर आईबापांनाही बोलाव. आणि सलोमीला म्हण, उभं राहू नकोस, नुसती येऊन बस. म्हाताऱ्याचा शब्द म्हणून ये.”

शनिवारी दुपारी सात मुले चर्चमध्ये जमली. त्यांत सलोमीही होती. ती टोकाला बसली. आबा काठी टेकत आले, त्यांनी सगळ्यांवर नजर फिरवली आणि मुलांना म्हणाले, “उठा रे. तुम्ही इकडं खुर्च्यांवर या. आणि आईबापांनो, तुम्ही मुलांच्या जागी, पुढच्या बाकांवर बसा.”

लोक चुळबुळत बसले.

“आज प्रश्न मुलं विचारतील,” आबा म्हणाले. “ज्यानं त्यानं आपल्या आईला नाहीतर बापाला विचारायचं. पुस्तकातला एकही प्रश्न नको. जे खरोखर विचारावंसं वाटतं, तेच.”

मंडळीचे पंच दिनकरराव, ज्यांचा नातू त्या सातांत होता, ताडकन उठले. “आबा, ही कसली परीक्षा? असं आजवर कधी झालं नाही.”

“म्हणूनच तर पाच बाक रिकामे पडले, दिनकरराव. बसा.”

पहिला मुलगा लाजत उठला. त्याने आईला विचारले, “तू रोज सकाळी डोळे मिटून इतका वेळ काय मागतेस?”

“तू गाडी हळू चालवावीस, हे!” असे ती म्हणाली आणि सगळे हसले. पण ती खाली बसली नाही. पदराशी चाळा करीत पुढे म्हणाली, “आणि तुझ्या बापाची दारू सुटावी म्हणून. नऊ वर्षं मागतेय. अजून सुटली नाही.” हसू विरून गेले. मुलगा आईकडे पाहतच राहिला.

एकेक करीत सहा जणांचे झाले. मग आबांनी टोकाकडे पाहिले. सलोमी उठेल असे शांतवनला वाटले नव्हते. ती उठली.

“पप्पा, आई गेल्यापासून आपल्या घरातली प्रार्थना का थांबली?”

शांतवनच्या तोंडाशी उत्तर तयार होते. शाळेची कामे, निवडणुकीची ड्युटी, घरात बाईमाणूस नाही. त्याने तोंड उघडलेही. पण मुलीचे डोळे त्याच्यावर खिळले होते आणि त्याला ते उत्तर देता येईना.

“मी रागावलोय, बाळ,” तो म्हणाला. त्याचा वर्गात घुमणारा आवाज कुठल्या कुठे गेला होता. “सात महिने मी तिच्या खाटेशी बसून मागत होतो. दुसरं काही मागितलं नाही, फक्त ती. ती गेली. त्यानंतर त्या खोलीत मला देवाचं नाव घेववेना. इथं येतो, इथं मास्तर म्हणून बोलता येतं. घरी नाही जमत.”

 सलोमीने विचारले, “मग दर रविवारी आम्हाला जे शिकवलं, ते खोटं होतं का?”



“नाही,” तो म्हणाला. “खोटं असतं तर सुटलो असतो. सोडून द्यावं म्हटलं तरी सुटत नाही. भांडतो, तेसुद्धा त्याच्याशीच भांडतो. सायकलवरून शाळेत जाताना रोज. दुसऱ्या कुणाला सांगू हे?”

सलोमी खुर्चीवरून निघून सरळ त्याच्याजवळ आली. “मीपण रागावलेय, पप्पा,” ती म्हणाली. “मला वाटलं, घरात मी एकटीच तशी आहे. तुम्हाला सगळी उत्तरं येतात आणि मी पापी आहे. असं मनात असताना सगळ्यांसमोर उभं राहून ‘होय, माझा विश्वास आहे’ कसं म्हणू?” आणि ती त्याच्या खांद्यावर डोके टेकून रडली. तीन वर्षांत ती बापासमोर प्रथमच रडत होती.

लोक पांगल्यावर शांतवन मागे राहिला. बाक पूर्ववत लावता लावता तो म्हणाला, “आबा, मंडळीसमोर माझी लाज काढलीत.”

“होय,” आबा म्हणाले. “माझी कुणी काढली नाही, त्याचं दुःख मी भोगतोय. माझा मुलगा तुला ठाऊक आहे. परदेशात असतो. दर आठवड्याला न चुकता फोन करतो, पण चर्चची पायरी चढून त्याला तीस वर्षं झाली. त्याला मी तुझ्याहून जास्त वचनं शिकवली होती, शांतवन. बहात्तरच्या दुष्काळात या गावात मी एकेका आठवड्याला तीन-तीन पोरं पुरली. तेव्हा त्या आतल्या खोलीत दार लावून मी देवाला नाही नाही ते बोललो आणि जमिनीवर पडून रडलो. मग तोंड धुऊन, झगा घालून बाहेर आलो. मुलानं फक्त तो झगा पाहिला. त्याला वाटलं, बापाचा विश्वास इस्त्रीचा आहे, आपल्याला तो कसा बसायचा? वचनं दे, जरूर दे. ती अडीनडीला आठवतात. पण आपण कुठं मोडलो आणि मोडल्यावर कुणाला हाक मारली, हे मुलांना दिसलं पाहिजे. मी ते दार लावून घेतलं. तू लावू नकोस.”

 शांतवनने वाकून म्हाताऱ्याचे पाय धरले. आबांना असे पाया पडून घेणे आवडत नसे, पण त्या दिवशी त्यांनी पाय मागे घेतले नाहीत.

त्या संध्याकाळी जेवणाआधी बापलेक सुनीतीच्या खोलीत जाऊन बसले. शांतवनने सुरुवात करायचा दोनदा प्रयत्न केला, शब्द फुटेना. शेवटी सलोमीच म्हणाली, “प्रभू, आम्ही दोघं तुझ्यावर रागावलो आहोत. आईची फार आठवण येते.” पुढे तिलाही काही सुचले नाही. थोड्या वेळाने शांतवनने “आमेन” म्हटले. प्रार्थना एवढीच झाली.

सलोमी त्या वर्षी दृढीकरणाला उभी राहिली नाही. बापाने तिला एकदाही आग्रह केला नाही. सहा मुले वेदीपुढे गेली, तेव्हा दिनकररावांनी शेजारी बसलेल्या शांतवनला हळूच विचारले, “मास्तर, तुमची मुलगी नाही?”

शांतवनने मागे वळून पाहिले. सलोमी बायकांच्या बाकावर गीताचे पुस्तक उघडून बसली होती आणि शेजारच्या म्हातारीला बोटाने ओळ दाखवीत होती.

“आहे की,” तो म्हणाला. “सध्या ती माझ्याबरोबर रोज संध्याकाळी भांडायला बसते.”

दिनकररावांना त्याचा अर्थ कळला नाही. शांतवनने तो समजावूनही सांगितला नाही. गीत सुरू झाले होते आणि त्याला त्यात मागून येणारा मुलीचा आवाज ऐकायचा होता.