करंजी खिडकीची दोरी

ही गोष्ट अक्षरन् अक्षर खरी आहे. खोटं बोलत असेन तर माझी मिशी गळून पडो. मी स्वतः त्या दरबारात उभा होतो. म्हणजे उभा नव्हतो, खांबाला टेकलो होतो. आता तुम्ही विचाराल, दोनशे वर्षांपूर्वीच्या दरबारात तुम्ही कसे? बरं, मी नव्हतो. माझे पणजोबा होते. तेही त्या दिवशी तापाने फणफणून घरीच पडले होते. पण ताप खरा होता, तशी गोष्टही खरी आहे. आणि मिशीचं म्हणाल, तर ती मी कालच काढून टाकली.

एका गावात एक राजा होता. राजाला गावात राहायला काय झालं, असं म्हणू नका. त्याचं राज्यच एका गावाएवढं होतं. त्याला शिंक आली की शेजारच्या राज्यातले लोक 'शतंजीव' म्हणत. त्याचं नाव महिपतराजा. मनाने लोण्यासारखा, पण घराण्याच्या रीतींना जिवापाड जपणारा.

त्या घराण्यात दोन रीती होत्या. पहिली रीत डोळ्याची. राजाचे आजोबा फार कमी बोलत. कोणी अर्ज केला आणि तो पटला, की ते डावा डोळा मिटत. डोळा मिटला की कारकून वहीत 'मंजूर' लिही, आणि एकदा मंजूर झालेलं कधी नामंजूर होत नसे. दुसरी रीत हाताची. राजाने स्वतःच्या हाताने काही करायचं नाही. जेवताना घास तेवढा तोंडात घालायचा. नाकावर माशी बसली तरी ती हाकलायला वेगळा माणूस होता. तो सुट्टीवर गेला की माशीची चंगळ असे.

राजाला हौस होती खिडक्यांची. त्याच्या वाड्यात एक खिडकी भाकरीसारखी गोल, एक विड्याच्या पानासारखी, एक कोयरीसारखी. पण सगळ्यांत लाडकी होती दरबारातली, सिंहासनाच्या बरोबर समोरची. ती खाली चौकोनी, आणि वर अर्धगोल कमान. गावातल्या लोकांनी त्या कमानीचं नाव ठेवलं होतं 'करंजी'. राजाला ते नाव इतकं आवडलं की दिवाळीत तो तिला हळदकुंकू वाहायला लावी.

पण खिडकी पूर्वेला होती. दरबार भरला की घटकाभरात सूर्य करंजीत येई आणि उन्हाचा पट्टा थेट राजाच्या तोंडावर पडे. राजाचा डावा डोळा आपोआप मिटे. आणि कारकून लिही, मंजूर.

लोकांच्या हे लक्षात यायला कितीसा वेळ लागणार? सूर्य करंजीत आला की अर्ज करणाऱ्यांची रीघ लागायची. एका कुंभाराने आपल्या गाढवाला राजाच्या बागेत फिरायची परवानगी मिळवली. एकाने बोकडाला पालखी मागितली, तीही मिळाली. तिसऱ्याने अर्ज केला की माझ्या सासूने वर्षातून एकदाच यावं. मंजूर. दुसऱ्या दिवशी सासूने अर्ज केला की मी एकदा गेले की वर्षभर जावयाकडेच राहीन. तोही मंजूर.

राजा वैतागला. त्याने हुकूम काढला की खिडकीला पडदा करा.

आधी शिंपी आला. त्याने रेशमी पडदा शिवला. चौकोनी खिडकीवर तो झक्क बसला, पण करंजी उघडीच राहिली, आणि ऊन तर करंजीतूनच येत होतं. वर ताणून बसवावा तर ओल्या धोतरासारखा मधे लोंबे. मग सुतार आला. त्याने कमानीवर फळ्या ठोकल्या. ऊन गेलं, पण उजेडही गेला. भर दिवसा मशाली लावाव्या लागल्या. धुराने राजाचे दोन्ही डोळे मिटू लागले, आणि दोन डोळ्यांचं काय लिहायचं हे कारकुनाला कळेना. शेवटी गवंडी म्हणाला, कमान विटांनी बुजवून टाकू. राजाने त्या दिवशी जेवण सोडलं.

त्याच दिवशी तानूबाई बुरूडीण मुदपाकखान्यात सुपं द्यायला आली होती. सगळं गाव तिची सुपं, टोपल्या, डालगी वापरी. जाता जाता तिने दरबारात डोकावून पाहिलं. फळ्या ठोकलेली कमान बघून ती खुदकन हसली.

राजाने विचारलं, का हसलीस?

तानूबाई म्हणाली, "करंजी लाटायच्या आधी तिचं झाकण लाटायचं नसतं, महाराज. आधी तिची कड बघायची. मला आठ दिवस द्या."

तिने फळ्या काढायला लावल्या. माप घ्यायला ना गज आणला, ना दोरी. बांबूची एक लांब ओली कामटी, म्हणजे चिरून काढलेली बारीक पट्टी, तिने कमानीच्या आतून दाबून वाकवली. कामटी कमानीला चिकटून बसली. मग तिची दोन टोकं सुतळीने बांधली आणि धनुष्य खांद्याला लटकवावं तशी ती कमान खांद्याला लटकवून तानूबाई घरी गेली. वाटेत पोरं ओरडत होती, तानूमावशीने करंजी चोरली.

नवव्या दिवशी पडदा बसला. कमानीच्या तळाशी मधोमध एक खुंटी, आणि तिच्यापासून मोराच्या पिसाऱ्यासारख्या चहूकडे गेलेल्या रुंद कामट्या. कमानीच्या कडेला केस जाईल एवढीही फट नाही. सगळ्यांत गंमत दोरीची. दोरी सैल असली की कामट्या आडव्या पडत आणि खिडकी बंद. दोरी ओढली की त्या सगळ्या एकदम कूस बदलत आणि ऊन आत येई. थोडी ओढली तर थोडं, जास्त ओढली तर जास्त.

तानूबाईने दोरीचं टोक सिंहासनापाशी आणून ठेवलं. म्हणाली, "सूर्य सरकेल तशी दोरी सैल करायची, महाराज. किती उजेड हवा ते बसणाऱ्यालाच कळतं."

दरबार टाळ्या वाजवत होता. तेवढ्यात दिवाण गुंडोपंत पुढे झाले. गुंडोपंत इतके अदबशीर की देवळात घंटा वाजवतानाही तिची माफी मागत. ते म्हणाले, राजांनी दोरी ओढायची? या घराण्यात? दोरी तर मोटेवरचा माणूस ओढतो. ही सेवा आमच्याकडे द्यावी. राजाला दुसरी रीत आठवली. त्याने मान डोलावली. दोरी दिवाणांच्या बैठकीकडे, खांबाआड गेली.

आठ-दहा दिवस सगळं छान चाललं. मग गुंडोपंतांनी स्वतःचा एक अर्ज वाचला आणि वाचता वाचता दोरी हळूच ओढली. उन्हाची तिरीप राजाच्या डोळ्यावर आली. मंजूर. दिवाणांच्या शेताला सरकारी विहीर मिळाली. पुढच्या आठवड्यात त्यांच्या मेहुण्याची हत्तीखान्यावर नेमणूक झाली. राज्यात हत्ती नव्हता, पण हत्तीखान्याला मेहुणा मिळाला.

महिन्याभराने दिवाणांनी मोठा अर्ज काढला. नदीकाठचं बांबूचं बन तोडून तिथे त्यांच्यासाठी झोपाळ्यांची बाग करावी. राजा चमकला. त्या बनावर गावातली सगळी बुरूडांची घरं जगत होती. 'नाही' म्हणायला त्याने तोंड उघडलं. 'ना' तोंडातून निघाला आणि 'ही' निघायच्या आत तिरीप आली. डोळा मिटला. मंजूर. परवा सकाळपासून कुऱ्हाडी चालणार असं ठरलं.

बुरूडवाड्यात चूल पेटली नाही. तानूबाईने दरबाराच्या पहारेकऱ्याला गाठून नीट विचारून घेतलं. तो म्हणाला, महाराज नकोच म्हणत होते, पण मधेच ऊन आलं. तानूबाई विचारात पडली. तिच्या पडद्यातून ऊन आपण होऊन येत नव्हतं. कोणीतरी दोरी ओढल्याशिवाय नाहीच.

तिची जाऊ रखमा तोंडाची तिखट. ती म्हणाली, "पडदा तू विणलास, दोरी तू वळलीस, आणि त्याच दोरीने आपलं बन गेलं. आता आणखी एक पडदा विण, चौघांत तोंड लपवायला."

तानूबाई हातातलं अर्धं विणलेलं सूप बाजूला ठेवून उंबऱ्यावर जाऊन बसली.

संध्याकाळी दिवाणांचा माणूस आला. निरोप असा होता की तानूबाईने गप्प राहावं, म्हणजे बनातली बांबूची चार बेटं तिच्या एकटीसाठी राखू. रखमा दाराआडून ऐकत होती. चार बेटं म्हणजे तानूबाईच्या घरची जन्मभराची सोय.

तानूबाई म्हणाली, "चार बेटं मला. आणि बाकीच्यांनी काय शेवग्याच्या शेंगांची सुपं विणायची?" आणि तिने दार लावून घेतलं.

रखमाने त्या दिवशी पहिल्यांदा जावेला स्वतःच्या हाताने भाकरी वाढली.

दुसऱ्या दिवशी तानूबाई दरबारात गेली. दिवाणांवर आरोप करून उपयोग नव्हता. दिवाणांपुढे बुरूडणीचं कोण ऐकणार? बन परत मागूनही उपयोग नव्हता. मिटलेला डोळा मागे घेता येत नाही, हे गावातल्या तान्ह्या पोरालाही ठाऊक होतं. म्हणून तिने बनाचं नावच काढलं नाही. पडदा बंद होता, दरबारात सावली होती. ती हात जोडून म्हणाली, "माझा एकच अर्ज आहे. आजपासून दोरी महाराजांनी स्वतः धरावी."

दरबार गार पडला. राजा गोंधळला. त्याचे दोन्ही डोळे टक्क उघडे. कारकुनाची लेखणी हवेत.

गुंडोपंतांची अदब सुटली. घराण्याची अब्रू गेली, असं म्हणत ते ताडकन उठून उभे राहिले. पण दोरी रोजच्या सवयीने त्यांच्या बोटाला गुंडाळलेली होती. ते उठले तशी दोरीही उठली. पिसाऱ्याने कूस बदलली, उन्हाचा झोत सिंहासनावर आला आणि राजाचा डावा डोळा गच्च मिटला.

कारकुनाने लिहिलं, मंजूर.

आता मंजूर म्हणजे मंजूर. दोरी राजाच्या हातात आली. आधी त्याने ती लाजत लाजत ओढली. मग सैल सोडली. मग पुन्हा ओढली. ऊन दरबारभर पळू लागलं, छतावर चढलं, पहारेकऱ्याच्या टकलावर थांबलं. नवं खेळणं मिळालेलं लहान मूल हसतं तसा राजा हसला, आणि त्याच्याबरोबर सगळा दरबार हसला. अखेर त्याने दोरी अशी धरली की डोळ्यांवर ऊन नाही, पण समोरचं सगळं स्वच्छ दिसतंय.

तेव्हा त्याला पहिल्यांदा माणसं दिसली. कुंभाराचे केस पांढरे झालेत हे दिसलं. कामट्या चिरून चिरून तानूबाईच्या बोटांवर पडलेले चरे दिसले. आणि गुंडोपंतांच्या तर्जनीवरचा लालभडक वळ दिसला. अगदी दोरीच्या जाडीचा.

राजाने आपल्या हातातल्या दोरीकडे पाहिलं, मग त्या वळाकडे. त्याने कारकुनाला महिन्याभरातले दिवाणांचे अर्ज वाचायला सांगितले. विहीर, मेहुणा, बन. एकूण एक मंजूर. राजा लोण्यासारखा होता, मूर्ख नव्हता.

गुंडोपंतांनी डोक्यावरची पगडी काढून ठेवली, आणि आपण होऊन, भरल्या डोळ्यांनी, सगळ्यांसमोर चूक कबूल केली.

पण बनाचं काय? कारकून हळूच म्हणाला, मिटलेला डोळा मागे घेता येत नाही, महाराज. तानूबाईने खाली मान घातली. मागे उभ्या असलेल्या रखमाने जावेचा हात घट्ट धरला.

राजाच्या नाकावर माशी बसली. ती त्याने स्वतःच्या हाताने हाकलली, आणि काय गंमत, आभाळ कोसळलं नाही. मग तो म्हणाला, "आजोबांनी डाव्या डोळ्याचं सांगून ठेवलंय. उजव्याचं काहीच सांगितलं नाही. ते आज मी सांगतो. लिहा."

आणि त्याने ऐटीत, सगळ्यांना दिसेल असा, उजवा डोळा मिटला. "डाव्याने फसून दिलेलं, उजव्याने परत घेतलं."

बन वाचलं. विहीर गावाची झाली. मेहुण्याची नोकरी मात्र राजाने तशीच ठेवली आणि गुंडोपंतांना त्याच्या हाताखाली नेमलं. दोघे मिळून नसलेल्या हत्तीला रोज आंघोळ घालू लागले. तानूबाईने मग भाकरीला, पानाला आणि कोयरीलाही पडदे करून दिले. रखमाने दोऱ्या वळल्या, आणि प्रत्येक दोरी त्या खिडकीशी बसणाऱ्याच्या हाताशी सोडली.

आता कबुलीजबाब. या गोष्टीत एक जागा माझ्या पदरची आहे. बोकडाची पालखी खरी, नसलेला हत्तीही खरा. गुंडोपंतांनी आपण होऊन चूक कबूल केली, ते तेवढं मी रचलं. तसा दिवाण मी अजून पाहिलेला नाही. बोटावरचा वळ अंगठी घट्ट झाल्याचा आहे, असंच ते शेवटपर्यंत सांगत राहिले.

तात्पर्य: आपल्याला किती उजेड हवा ते आपणच ठरवावं; आपल्या डोळ्यांपुढच्या पडद्याची दोरी, समोरचा कितीही अदबीने मागो, त्याच्या हाती देऊ नये.