लोंबू आणि कोरडं शेवाळ

दिवस मावळला. कोंबड्या झोपल्या. आणि लोंबू उठलं!

लोंबू म्हणजे वटवाघळाचं पिल्लू. एवढंसं नाक. एवढी लांब जीभ. भूक मात्र ही एवढी!

फडफड फडफड, लोंबू केळीच्या बागेत आलं. केळफूल उलटं, लोंबूही उलटं.

"केळफुला, केळफुला, उघड ना! मला मध दे ना!"

"कसं उघडू? केळीला पाणीच नाही. पाट वाहू दे, मग मी उघडेन."

लोंबूला रडू आलं. पण उपाशी पोटी रडायचं तरी किती?

फडफड फडफड, लोंबू पाटाकडे गेलं.

"पाटा, पाटा, वाहू लाग ना! फूल उघडेना, मला मध मिळेना."

"कसा वाहू? मध्ये दगड बसलाय. दगड हलू दे, मग मी वाहेन."

फडफड फडफड, लोंबू दगडाकडे गेलं.

"दगडा, दगडा, हल ना! पाट वाहेना, फूल उघडेना, मला मध मिळेना."

"कसा हलू? माझं बूड जड! बुडाखालचं शेवाळ निसरडं होऊ दे, मग मी हलेन."

फडफड फडफड, लोंबू शेवाळाकडे गेलं.

"शेवाळा, शेवाळा, निसरडं हो ना! दगड हलेना, पाट वाहेना, फूल उघडेना, मला मध मिळेना."

"कसं होऊ? मी कोरडं ठणठणीत! तुला लांब जीभ. मला जीभच नाही, पाणी कसं पिऊ? मला आंघोळ हवी!"

दगडामागे पाणी साचलं होतं. आता कोणाकडे जायचं? कोणाकडेच नाही!

लोंबू सर्रकन खाली आलं. पोट बुडवलं, डुबुक! शेवाळावर झटकलं, टप टप टप! पुन्हा डुबुक! पुन्हा टप टप टप!

शेवाळ फुगलं. हिरवंगार झालं. निसरडं झालं.

दगड घसरला, घसर्र... धुडुम! "आई गं, माझं बूड!"

पाट वाहिला, खळखळ खळखळ.

केळ पाणी प्यायली, गटगट गटगट.

फूल उघडलं, टप्प!

आणि लोंबू मध प्यायलं, चट चट चट! नाक पिवळं पिवळं झालं.

"गोड आहे का रे?" खालून शेवाळाने विचारलं.

"गोड गोड! आणि तुझं पाणी?"

"गारेगार!"

दोघं खूप हसली.

आता लोंबू रोज आधी पोट भिजवतं. शेवाळाला आंघोळ घालतं. मगच पोट भरतं.

लोंबूचं पोट भरलं, आपल्या गोष्टीचंही भरलं!